चार इंचांचं बेअरिंग

शिडाची बोट बाळगणारा माणूस वाऱ्याबद्दल तासन्‌तास बोलतो. इंजिनाचा विषय निघाला की मात्र "ते आपलं बंदरात शिरण्या-निघण्यापुरतं" असं म्हणून बिस्किटांची बशी पुढे करतो. प्रत्यक्षात इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर वारा बहुतेक वेळा आपल्याला जिकडे जायचं तिकडूनच येतो, उरलेल्या वेळी येतच नाही, आणि भरती-ओहोटीला तर कुणाच्याच शिडाची पर्वा नसते. त्यामुळे वर शिडं फडफडत असतात आणि खाली डिझेल इंजिन धडधडत असतं. समोरून दुसरी बोट आली की दोन्हीकडचे लोक हात करतात आणि एकमेकांच्या धडधडीकडे सभ्यपणे दुर्लक्ष करतात.

माझा मेहुणा अशा एका बोटीचा मालक आहे. डोंबिवलीत वाढलेला माणूस. लहानपणी पाण्याशी संबंध काय तो सकाळी सहा ते साडेसहा. नोकरीनिमित्त साउदॅम्प्टनला गेला आणि तिथे दिलीप दोंदे यांच्याबद्दल त्यानं वाचलं. गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'तून २००९-१० साली एकट्यानं शिडाच्या बळावर पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. असलं काही वाचून बाकीचे लोक फार तर पोहण्याच्या क्लासला नाव घालतात. यानं बोट घेतली. सत्तरच्या दशकातली, फायबरग्लासची, तीस फुटी. त्याची प्रदक्षिणा आजवर आइल ऑफ वाइटपर्यंत पोचली आहे. ते बेट किनाऱ्यावरून दिसतं.

गेल्या मोसमात ही बोट गडगडू लागली. इंजिनाचा वेग ठरावीक आकड्याला पोचला की केबिनमधले कप एकमेकांवर आपटत. हिवाळ्यात बोट हॅम्बल नदीकाठच्या एका यार्डात जमिनीवर उचलून ठेवली, तेव्हा मेहुण्यानं खाली वाकून पंखा दोन्ही हातांनी धरला आणि वर-खाली हलवला. एक इंची शाफ्ट सोळांश इंच, म्हणजे दीडेक मिलिमीटर हलला की बेअरिंग संपलं, असा ठोकताळा आहे. हा चांगला हलत होता.

आम्ही नेमके हिवाळा संपता-संपता त्याच्याकडे राहायला गेलो होतो. "भावजी, अर्ध्या दिवसाचं काम आहे, येता का?" असं त्यानं विचारलं. ज्याच्या घरी सकाळ-संध्याकाळ जेवतो आहोत त्याला नाही म्हणता येत नाही. शिवाय बायकोनं "जा की, तेवढेच हातपाय हलतील" असं सांगून विषय संपवला होता.

आता हे बेअरिंग म्हणजे काय ते सांगायला हवं. इंजिन बोटीच्या पोटात, पंखा बाहेर पाण्यात, आणि दोघांना जोडणारा स्टीलचा लांब दांडा म्हणजे शाफ्ट. हा शाफ्ट तळातून बाहेर पडला की पंख्याच्या जरा अलीकडे एक ब्राँझचा ब्रॅकेट त्याला तोलून धरतो. त्या ब्रॅकेटच्या भोकात एक पितळी नळी घट्ट बसवलेली असते. नळीला आतून रबराचं अस्तर आणि रबराला लांबीत पाडलेल्या खाचा. शाफ्ट या रबरात फिरतो, खाचांमधून पाणी खेळतं, आणि तेच पाणी वंगणाचं काम करतं. शाफ्ट एक इंची असेल तर नळी चार इंच लांब. बस्स, एवढंच. तळहातावर मावणारी वस्तू. किंमत दोन माणसांच्या साध्या जेवणाएवढी.

ती बदलायला मिनिटं लागतात. अडचण एवढीच, की ती काढायची तर आधी शाफ्ट काढायला हवा. शाफ्ट काढायचा तर बाहेरून पंखा आणि आतून कपलिंग सुटायला हवं. ही दोन्ही सुटली तरी शाफ्ट फक्त मागे सरकतो, आणि मागे बरोबर त्याच्या वाटेत सुकाणू उभं असतं. सुकाणू काढायचं तर ते खाली उतरवावं लागतं, आणि खाली जमीन असते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण कुणा बोटवाल्यानं केली नसावी. त्याच्याकडे मसाल्याचा हिशेब इतक्यात आटोपत नाही.

हॅम्बलच्या काठी वसंतात जत्रा असते. हिवाळाभर टेकू लावून उभ्या केलेल्या बोटींच्या रांगाच रांगा, आणि प्रत्येक बोटीखाली एकेक माणूस रंगाचं भांडं घेऊन पालथा पडलेला. हातात काम थोडं आणि थांबायला निमित्त हवं, अशा लोकांचा हा मेळा असल्यामुळे सल्ला देणाऱ्यांची वाण नसते. इंग्रज माणूस सल्ला एकदम देत नाही. तो आधी बोटीला एक फेरी मारतो. मग आपण ठेचा खाल्ल्यावर ओढतो तशी दातांमधून हवा आत ओढतो आणि म्हणतो, "शाफ्ट काढताय वाटतं."

पहिला म्हणाला, शाफ्ट काढायची गरजच नाही. शाफ्ट जागेवर ठेवून बेअरिंग ओढून काढायचा खास पुलर मिळतो. त्याच्याकडे होता. पण तो त्यानं कुणाला तरी दिला होता, आणि कुणाला ते आठवत नव्हतं. दुसरा म्हणाला, करवत घ्या आणि कपलिंगच कापून काढा, नवीन मिळतं. तिसरा बराच वेळ गप्प उभा राहिला. शेवटी "छान बोट आहे. मी असतो तर विकली असती," असं म्हणून चालू लागला. त्या दिवशीचा सर्वांत अभ्यासपूर्ण सल्ला तोच होता, हे दुपारपर्यंत माझ्या लक्षात आलं.

पंख्यापासून सुरुवात झाली. पंखा शाफ्टच्या निमुळत्या टोकावर बसवलेला असतो, त्यात एक चावी, मग दोन नट, आणि नट फिरू नयेत म्हणून स्प्लिट पिन. पिन गंजून नटाशी एकजीव झाली होती; ती कापून, कोरून काढली. नट सैल केले. इथे महत्त्वाचा नियम असा, की नट पूर्ण काढायचा नाही, चार आटे तसाच ठेवायचा. कारण निमुळत्या टोकावर घट्ट बसलेला पंखा सुटतो तेव्हा हळूहळू सुटत नाही, उडी मारतो, आणि त्याच्या समोर साधारणपणे आपलं नाक असतं.

पंख्याचा पुलर लावला, ताणला, आणखी ताणला. पंखा ढिम्म. मेहुणा म्हणाला, ताण देऊन ठेवू आणि चहा घेऊ. आम्ही बाजूच्या बाकावर बसलो.

हा पंखा बोटींच्या मागे लागण्यात एका शेतकऱ्याचा हात आहे, हे मला त्या बाकावर कळलं. फ्रान्सिस पेटिट स्मिथ हा मेंढरं पाळणारा गृहस्थ. १८३६ साली त्यानं बोटीच्या स्क्रूचं पेटंट घेतलं. स्क्रू म्हणजे अक्षरशः स्क्रूच: लाकडी, दोन पूर्ण वेढ्यांचा. पुढच्या वर्षी लंडनच्या पॅडिंग्टन कालव्यावर चाचणी चालू असताना तो कशाला तरी आपटला आणि अर्धा तुटून पडला. सगळ्यांनी कपाळाला हात लावला, आणि बोट पहिल्यापेक्षा जोरात पळायला लागली. वेढे जितके जास्त तितकी ओढ जास्त, हा हिशेब चुकीचा होता हे मोडतोडीनं सिद्ध केलं. पुढे १८४५ साली ब्रिटिश नौदलानं पंख्याचं 'रॅटलर' आणि बाजूच्या चाकांचं 'अलेक्टो' अशा दोन जहाजांना पाठीला पाठ लावून एकमेकांशी बांधलं आणि रस्सीखेच लावली. रॅटलरनं अलेक्टोला ताशी दोन-अडीच सागरी मैलांच्या वेगानं उलटं ओढत नेलं. नौदलानं पंख्याची जहाजं तोवर मागवलेलीही होती. पण जनतेला असला सामना बघायला आवडतो, हे सरकारला तेव्हाही माहीत होतं. या सगळ्या कौतुकात, हा पंखा पुढे-मागे काढावा लागेल तेव्हा काय, हा प्रश्न कुणाला पडल्याची नोंद नाही.

मी हे मेहुण्याला बोलून दाखवणार तोच बोटीखालून 'ठाण्‌' असा आवाज आला. पंखा सुटला होता. शेजारच्या बोटीखालचा माणूस दचकून उठला आणि त्याचं डोकं त्याच्याच बोटीला लागलं.

यानंतर कपलिंग. इथे अण्णांचा प्रवेश होतो. अण्णा म्हणजे माझे सासरे. परळच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर म्हणून लागले आणि चार्जमन म्हणून निवृत्त झाले. मुलानं कॉम्प्युटरमध्ये जाऊन घराण्याचं नाव घालवलं असं त्यांचं प्रामाणिक मत आहे, त्यामुळे मुलाच्या हातात पाना आहे म्हटल्यावर ते व्हिडिओ कॉलवर हजर झाले. डोंबिवलीत संध्याकाळ झाली होती. मेहुणा इंजिनाच्या मागच्या भोकात डोकं खाली, पाय वर अशा अवस्थेत, आणि मी त्याच्या कमरेवरून हात घालून फोन धरलेला.

"जावईबापू, फोन जरा खाली. तुमचं नाक नको, कपलिंग दाखवा."

मी दाखवलं. गिअरबॉक्सची एक चकती, शाफ्टवरची दुसरी, मधे चार बोल्ट. बोल्ट निघाले होते. पण शाफ्टवरची चकती पन्नासेक वर्षांच्या गंजानं शाफ्टशी लग्न लावून बसली होती.

"बाजूला तारेनं बांधलेले दोन स्क्रू आहेत, ते काढलेस का रे?"

भोकातून शांतता.

"हातोडा कुठे आहे?" अण्णांनी विचारलं.

"माझ्याकडे आहे," मी म्हणालो.

"तो बोटीतून बाहेर टाका. पलीकडे गिअरबॉक्स आहे. इथं ठोकलं की तिथं फुटतं."

मग त्यांनी सांगितलेली युक्ती अशी: चकत्या थोड्या लांब करायच्या. मधे, शाफ्टच्या टोकासमोर, शाफ्टपेक्षा कमी व्यासाचा एक सॉकेट ठेवायचा. मूळ बोल्टांऐवजी लांब बोल्ट घालून चारही समोरासमोरच्या जोडीनं पाव-पाव फेरा आवळत जायचे. चकत्या जवळ येतात, मधला सॉकेट शाफ्टला मागे रेटतो, आणि शाफ्टला कपलिंगमधून निघण्याशिवाय गत्यंतर राहत नाही. हॅम्बलच्या पहिल्या सल्लागारानंही नंतर अगदी हेच सांगितलं, त्यामुळे अण्णांचा त्याच्याबद्दलचा आदर एकदम वाढला.

प्रश्न लांब बोल्टांचा होता. मूळ बोल्ट इंची आट्यांचे. ज्या देशानं आम्हाला इंच शिकवला त्या देशात बोटींच्या सामानाच्या दुकानातल्या मुलानं आमच्याकडे दयेनं पाहिलं आणि मिलिमीटरचा डबा पुढे केला. दुसऱ्या दुकानात बोल्ट होते, पण आखूड. तिसरं शनिवारचं लवकर बंद झालं होतं. "नागदेवी स्ट्रीटला पाच मिनिटांत मिळाले असते," अण्णा म्हणाले, आणि पुढचे दोन दिवस दर फोनला म्हणत राहिले. शेवटी बोल्ट टपालानं आले. एक पाव फेरा, थांबणं, समोरचा पाव फेरा, 'टक्‌' असा बारीक आवाज, केसभर हालचाल. असं करत कपलिंग निघालं तेव्हा मेहुण्याच्या चेहऱ्यावर काळं ग्रीस आणि डोळ्यांत पाणी होतं. पाणी तळातल्या डिझेलच्या वासानंही आलेलं असू शकतं.

शाफ्ट आता मोकळा झाला, सरसर मागे आला आणि सुकाणूला टेकला. सुकाणू या कडेला वळवलं, त्या कडेला वळवलं. काही बोटींत तेवढ्यानं भागतं. आमचं बोटभर अंतरानं अडत होतं. शाफ्ट जरासा वाकवून काढू, असं मी सुचवलं आणि डोंबिवलीहून "जावईबापू!" एवढाच शब्द आला.

म्हणून खड्डा. सुकाणूचा दांडा बोटीत जितका वर गेलेला, तितकं ते खाली उतरायला हवं. यार्डाची जमीन खडीची, नशीब की काँक्रीटची नाही. काँक्रीट असतं तर आख्खी बोट क्रेननं वर उचलून धरावी लागली असती आणि क्रेनवाला तासावर पैसे घेतो. यार्डाच्या व्यवस्थापकाला विचारलं. त्यालाही या प्रश्नाची सवय असावी. "परत बुजवा म्हणजे झालं," म्हणाला. साउदॅम्प्टनला येऊन मी काय केलं, तर इंग्लंडच्या थंडीत एका बोटीखाली बसून गुडघाभर खड्डा खणला. कुत्रं फिरवणाऱ्या एक आजी थांबल्या. त्यांनी खड्डा बघितला, आम्हाला बघितलं, आणि विचारलं, "सुकाणू का?" आम्ही हो म्हणालो. "आमच्या ह्यांनी दोनदा खणला होता," असं सांगून त्या कुत्र्याला ओढत निघून गेल्या.

सुकाणू खड्ड्यात उतरलं. शाफ्ट बाहेर आला. साडेसहा फूट लांब, आठएक किलो, स्टेनलेस स्टीलचा. तो खांद्यावर घेऊन यार्डातून चालताना उगीचच छाती पुढे येते, हे मात्र कबूल करायला हवं. शाफ्ट जिथून बोटीत शिरतो त्या ग्लँडच्या आत जिथे पाणी साचून राहतं तिथे स्टेनलेस स्टीललाही बारीक खड्डे पडतात, म्हणून तिथे नखानं तपासायचं. तपासलं, गुळगुळीत होता. सरळ आहे का तेही पाहिलं, होता.

आणि मग ते दहा मिनिटांचं काम. बेअरिंग ब्रॅकेटमधून ठोकून काढायचं नाही, कारण ब्रॅकेट तळाच्या फायबरग्लासमध्ये बसवलेला असतो आणि तो हलला तर गळती सुरू. एक्सो ब्लेडला एका टोकाला चिंधी गुंडाळून ते नळीच्या आत घालायचं आणि पितळ लांबीत चिरायचं, दोन ठिकाणी. पितळ पातळ, आणि पलीकडे लगेच ब्रॅकेटचं ब्राँझ. दोन्ही पिवळी. पितळ संपलं हे डोळ्याला दिसत नाही, मनगटाला कळतं म्हणतात. मेहुणा दर दहा फेऱ्यांनी थांबून आत टॉर्च मारायचा, बोट फिरवायचा, फुंकर घालायचा. आधी काळी रबराची भुकटी पडली, मग सोनेरी कीस. शेवटी चिरलेली पट्टी छिन्नीनं आत वळवली आणि उरलेली नळी आपसूक सैल होऊन हातात आली. ब्रॅकेटला एक ओरखडासुद्धा नव्हता. हे बघायला नेमका एकही सल्लागार हजर नव्हता.

नवीन बेअरिंग रात्रभर फ्रीझरमध्ये होतं. थंडीनं धातू आकसतो, तेवढंच बसवायला सोपं. सकाळी मेहुण्याच्या बायकोनं विचारलं, "खोबऱ्याच्या डब्यात काय आहे?"

"बेअरिंग."

"नवीन आहे ना?"

"हो."

"मग खोबरं कुठाय?"

यावर आम्ही लगेच यार्डाकडे निघालो. ब्रॅकेटवर किटलीभर गरम पाणी ओतलं, बेअरिंगला भांडी घासायचा पातळ साबण लावला, आणि एक लांब आट्यांचा रॉड, दोन वायसर आणि दोन नट वापरून ते सावकाश आत ओढून घेतलं. साबणाचं ऐकून अण्णा अस्वस्थ झाले. जन्मभर त्यांनी बेअरिंगला तेल आणि ग्रीस पाजलं होतं.

"तेल-ग्रीसनं रबर खराब होतं, अण्णा. हे पाण्यावर चालतं."

"पाण्यावर? कुणी शोधून काढलं हे?"

मेहुण्यानं सांगितलं. जहाजांच्या शाफ्टला आधी पितळी बेअरिंग असायची. ती भराभर झिजून जहाजं गळायला लागायची. मग १८५४ साली जॉन पेन या इंग्रज इंजिनिअरनं लिग्नम व्हायटी नावाच्या लाकडाच्या पट्ट्या बसवल्या. हे लाकूड इतकं जड की पाण्यात बुडतं, आणि अंगचंच तेलकट. पट्ट्यांमधून पाणी खेळवलं की काम झालं. गेल्या शतकात चार्ल्स शेरवूड नावाचा एक खाण-इंजिनिअर कॅलिफोर्नियात पाणी भरलेली खाण उपसत होता. पाण्यातल्या वाळूनं पंपाची धातूची बेअरिंग खाऊन टाकली, तेव्हा त्यानं नाइलाजानं रबर घालून बघितलं. रबर टिकलं. वाळूचा कण कठीण धातूत रुतून बसतो आणि शाफ्टला कापत राहतो. रबर त्याला दबून वाट देतं, कण गडगडत खाचेत जातो आणि पाण्याबरोबर बाहेर पडतो.

अण्णा थोडा वेळ विचार करत होते. "म्हणजे गप्प बसून घेणारा जास्त टिकतो," ते म्हणाले. मागून सासूबाईंचा आवाज आला, "हे कोण बोलतंय बघा!"

जोडणी भराभर झाली. शाफ्ट आत, सुकाणू वर, खड्डा बुजवला, पंखा लावला, नवी स्प्लिट पिन, नवा जस्ताचा ठोकळा. समुद्राच्या पाण्यात ब्राँझ आणि स्टील एकत्र आली की गंज आधी जस्ताला खातो आणि बाकीच्यांना सोडतो. राहिलं अलाइनमेंट. दोन चकत्या समोरासमोर आणून फटीत फीलर गेज घालायचं. चार इंची चकतीला चार सहस्रांश इंचापेक्षा जास्त फरक नको. पण हे पाण्यात गेल्यावर करायचं, कारण टेकूंवर उभी असलेली बोट किंचित वेगळ्या आकाराची असते. काही दिवस तरंगू द्यावी, मग बघावं, असं सगळ्या सल्लागारांचं एकमत झालं. त्यांचं एकमत झालेलं हे पहिलंच. मेहुण्यानं ते पुढच्या शनिवारवर ठेवलं.

बोट पाण्यात उतरली तेव्हा आम्ही दोघं टॉर्च घेऊन ग्लँडकडे बघत बसलो. शाफ्ट जिथून बोटीत शिरतो तिथे ग्लँडमध्ये चरबी चोळलेली दोरी दाबून भरतात. ती इतकी आवळायची नाही की थेंबही येणार नाही. शाफ्ट फिरताना मिनिटाला दोन-चार थेंब पडलेच पाहिजेत, नाहीतर शाफ्ट तापतो. अण्णांना फोनवर थेंब दाखवला.

"गळतंय," ते म्हणाले.

"गळायलाच हवं, अण्णा."

"ऐकलंस का गं?" अण्णा आत वळून म्हणाले. "गळायलाच हवं म्हणतोय. आणि तू महिनाभर त्या मोरीतल्या नळावरून..."

इंजिन चालू केलं, नदीत एक फेरी मारली. कप अजून थोडे वाजत होते. "नवीन आहे, बसेल," मेहुणा म्हणाला. दोन दिवसांनी आम्ही भारतात परत आलो. जुन्या बेअरिंगचा चिरलेला तुकडा मोज्यात गुंडाळून बॅगेत टाकला होता. अण्णांनी मुद्दाम मागवला होता.

अण्णांनी तो खिडकीपाशी नेला, चष्मा कपाळावर चढवला आणि रबरावरून अंगठा फिरवला. एका बाजूच्या खाचा जवळजवळ सपाट झाल्या होत्या. समोरच्या बाजूच्या कोऱ्या करकरीत.

"एकाच बाजूनं खाल्लंय," ते म्हणाले. "यात बेअरिंगचा काय दोष? इंजिन वाकडं बसलंय. आता हे नवीनसुद्धा असंच खाणार. त्याला विचारा, फीलर गेज घातला का?"

मी दोन्ही बाजूंचे फोटो काढले आणि अण्णांचं म्हणणं खाली जसंच्या तसं लिहून मेहुण्याला पाठवलं. निळ्या टिका लगेच आल्या. मग 'टायपिंग' दिसलं, गेलं, परत दिसलं.

"भावजी, तुम्ही दोघं ऑगस्टमध्ये काय करताय?"